होझियाचा उलटा बाक

एका वस्तूकडून एकच काम करून घ्यायचं म्हणजे लाकडाचा अपमान, असं होझिया व्हेलाकॉटला मनापासून वाटायचं. तोंडानं तो तसं कधी बोलला नाही, कारण बोलणं हा त्याचा प्रांतच नव्हता. पण हॅलकूम गावात त्याच्या हातची जी वस्तू कुणाच्या घरी गेली, ती घरात शिरताना एक असायची आणि आठवडाभरात दुसरीच निघायची. खुर्ची म्हणून आणावी, तर तिची पाठ पुढे पालथी पडून शिडी व्हायची. पेटी म्हणून आणावी, तर तिच्या पोटातून लिहायचं मेज निघायचं. गावात त्याला ‘दुहेरी होझिया’ म्हणत. चमचासुद्धा त्याच्याकडे दुरुस्तीला देऊ नका, परत येईल तेव्हा त्यावर बसायची सोय असेल, असं गिरणीवाला यो ज्याला त्याला सांगत सुटायचा.

वेस्टकॉटच्या शेतावरचा किस्सा तर अजून निघतो. होझियानं त्यांना एक बाक करून दिला होता. पाठीच्या दोन्ही बाजूंच्या लाकडी खुंट्या काढल्या की ती उंच पाठ पुढे येऊन बाकाच्या दोन्ही हातांवर आडवी पडायची आणि बाकाचं टेबल व्हायचं. वेस्टकॉटबाई खुंट्या लावायला विसरली, आणि रविवारी जेवायला बोलावलेले चॅपेलचे, म्हणजे गावच्या प्रार्थनाघराचे, उपदेशक नेमके तिथंच बसले. जेवणाआधीच्या प्रार्थनेला त्यांनी मान खाली घातली, तोच पाठ धाडकन पुढे आली, आणि बिचारे टेबलाखाली गेले! वेस्टकॉटबाई मोठी खमकी. तिनं शांतपणे वर बदकाचं ताट ठेवलं आणि म्हणाली, “प्रार्थना चालू द्या, आम्हाला ऐकू येतंय.”

हे वेड होझियानं आणलं एक्झेटर शहरातून. कोवळ्या वयात तो तिथल्या एका कारखान्यात उमेदवारीला होता. त्या कारखान्यात परदेशी जाणाऱ्या फौजी साहेबांचं सामान बनायचं. हिंदुस्थानात छावणीत न्यायचे पलंग, ज्यांची घडी करून पेटी होई, आणि कपाटं, ज्यांचे दोन तुकडे उंटाच्या दोन बाजूंना लटकत. भाड्याच्या एका खोलीत राहणाऱ्या एकट्या बाप्यांसाठी तिथं कपाटासारखे दिसणारे पलंगही करत, म्हणजे पाहुणा आला तर त्याला वाटावं, हा माणूस दिवाणखान्यातच राहतो. मालक म्हातारा आणि तिरसट होता. तो सांगायचा, वस्तूनं आपलं दुसरं काम तोंडावर दाखवायचं नाही. दिवसा ती जी आहे तीच वाटली पाहिजे. होझियानं हे वाक्य इतकं मनावर घेतलं की स्वतःच्या तोंडावरही काही दाखवायचं सोडून दिलं.

अशा माणसाला बायको मिळाली केझाया. ती बोलायला लागली की चुलीवरची किटलीसुद्धा गप्प बसावी. लग्नाच्या वेळी लोक म्हणाले, बरं झालं, दोघांत मिळून बोलण्याचा हिशेब बरोबर बसतो. केझायाच्या स्वयंपाकघराचं दार म्हणजे दोन फळ्यांचं, खालची फळी लावलेली आणि वरची सदा उघडी. त्या वरच्या फळीतून अख्खं गाव डोकं आत घालायचं. शुक्रवारी बाजाराला गाडी नेणारा जेबेझ स्क्वान्स, पीठ टाकायला आलेला यो, टपालवाला, शेळी सुटली म्हणून शोधत आलेली पोरं. “कोण ते? आत ये की मेल्या, वारा येतोय,” असं ती ओरडायची, आणि माणूस आत येऊन सायडरचा, म्हणजे सफरचंदाच्या दारूचा, पेला हातात घेऊन बसायचा. होझिया कोपऱ्यात बसून काहीतरी तासायचा आणि ऐकायचा. आयुष्यभर त्याला गावाची जी काही खबर लागली ती अशी, तिच्या तोंडून आणि फुकट. तो स्वतः कुणाच्या दारात कधी गेला नाही. जायची गरजच नव्हती, सगळे तिच्याकडे येत होते.

मग तिचे गुडघे गेले. आधी गुडघे, मग कंबर, मग हाताची बोटं. झोपायची खोली वर, आणि जिना असला उभा की धडधाकट माणसानंही देवाचं नाव घेऊन उतरावं. कापणी आटोपली तेव्हा ती एकदा वर गेली ती खाली आलीच नाही.

सुरुवातीला बायका वर जाऊन बसायच्या. पण बाप्ये कसे जाणार? परक्या बाईच्या झोपायच्या खोलीत स्क्वान्स नि यो चढून गेले असते तर चॅपेलात त्यांना तोंड दाखवायला जागा राहिली नसती. ते दारात यायचे, होझियाला विचारायचे, “कशी आहे?” होझिया म्हणायचा, “आहे.” यापुढे बोलणं जायचं कसं? हळूहळू ते यायचे बंद झाले. नाताळनंतर बायकाही कमी झाल्या. दाराची वरची फळी लागलेली राहू लागली, आणि वर पलंगावर केझाया छताकडे बघत पडू लागली. तिचं बोलणं कमी झालं, हे होझियाला तिच्या दुखण्यापेक्षा जास्त लागलं.

“पलंग खाली आणू या?” त्यानं एकदा विचारलं.

“वेड लागलंय का तुला?” ती उसळलीच. “पलंग खाली आणला की गाव काळे कपडे उन्हात टाकतं. प्रडेन्सचा आणला, काय झालं? म्हाताऱ्या रिडचा आणला, काय झालं? मला जिवंतपणी स्वतःच्या मयताला बसायचं नाही.”

त्यात खोटं काही नव्हतं. आमच्याकडे स्वयंपाकघरात पलंग दिसला की त्याचा एकच अर्थ.

मग फेब्रुवारी लागताना त्यांची मुलगी लव्हिनिया बार्नस्टेपलहून आली. तिथं तिचं घर रस्त्याला लागून, खालच्या मजल्यावर रिकामी खोली, खिडकीतून बाजार दिसतो. आईची दशा बघून ती रडली आणि म्हणाली, “आई, तू माझ्याकडे चल. स्क्वान्सच्या गाडीत पेंढा अंथरू, येत्या शुक्रवारी नाही तर पुढच्या.” केझायानं होझियाकडे बघितलं. होझिया म्हणाला, “बरं.” केझाया म्हणाली, “मग जाते.” झालं, पुढचा शुक्रवार ठरला.

आता या ‘बरं’मध्ये काय होतं ते होझियालाच ठाऊक. तिथं तिला माणसं दिसतील, रस्ता दिसेल, छत बघत पडण्यापेक्षा ते बरं, असं त्याला म्हणायचं होतं. तिला वाटलं, हा माझ्या दुखण्याला कंटाळला. दोघंही एकमेकांवर उपकार करायला निघाले होते. धन्य ते नवरा-बायको!

लव्हिनिया परत गेली त्याच दिवशी होझियानं घराला लागून असलेल्या आपल्या कारखान्याचं दार आतून लावून घेतलं. बापानं कधी काळी कापून ठेवलेला ओक माळ्यावर होता, तो त्यानं उतरवला. पलंग खाली न्यायचा नाही ना? मग बाक न्यायचा. स्वयंपाकघरात उंच पाठीचा बाक कुणाकडे नसतो? दिवसा बाक आणि रात्री पलंग. असे बाक त्यानं पाहिले होते, पण ते उघडले की जमिनीला टेकत. केझायाला जमिनीवरून कोण उठवणार? म्हणून त्यानं बसायच्या जागेच्या पट्ट्या एकमेकींत अशा घातल्या, जशी आपण एका हाताची बोटं दुसऱ्या हाताच्या बोटांत घालतो. पुढची कड ओढली की एकाआड एक पट्टी सरकत बाहेर येई, तिच्याबरोबर दोन पायही येत, आणि गुडघ्याच्या उंचीवर ऐसपैस बिछाना तयार होई. गादी खालच्या खणात. पाठ माणसाच्या डोक्यावर जाईल इतकी उंच, सहा कोरीव फळ्यांची, आणि फळ्यांमागे आमच्याकडे असतं तसं खारवलेलं डुकराचं मांस टांगायचं अरुंद कपाट. एक खिळा नाही कुठे. आयुष्यात इतकं चांगलं काम आपण केलेलं नाही, हे त्याला काम करतानाच कळत होतं. ती हे बघेल आणि राहते म्हणेल. आपल्याला काही बोलावं लागणार नाही, असं त्यानं धरलं होतं.

गुरुवारी भल्या सकाळी त्यानं बाक स्वयंपाकघरात आणून मांडला, चुलीकडे तोंड आणि दाराकडे पाठ. बाकाची पाठ वारा अडवायलाच तर असते. मग तो वर गेला आणि पलंगाजवळ पाठमोरा बसला.

“हे काय?” केझाया म्हणाली.

“चढ.”

“अरे म्हाताऱ्या, लग्नाच्या दिवशी नाही उचललंस ते आज?” पण तिनं त्याच्या गळ्यात हात टाकले. एकेक पायरी चाचपत तो तिला पाठुंगळीला घेऊन उतरला, आणि ती कानाशी कण्हत, हसत, त्याला शिव्या देत होती. तिला बाकावर बसवल्यावर तो लगेच वर गेला. वरच्या खोलीला आजाराचा वास होता, म्हणून त्यानं खिडकी सताड उघडून दिली.

इथंच घोटाळा झाला. थर्झामावशी म्हणजे समोरच्या घरातली. नात्यानं कुणाचीच मावशी नाही, म्हातारी म्हणून सगळ्यांची मावशी. तिनं दोन दिवसांपूर्वी कारखान्याच्या फटीतून डोकावून माणसाच्या लांबीची ओकची पेटी बघितली होती. आणि आता ऐन फेब्रुवारीत केझायाच्या खोलीची खिडकी उघडी! आमच्यात माणूस गेलं की आत्म्याला वाट म्हणून खिडकी उघडतात, थंडीवाऱ्याची पर्वा न करता. थर्झामावशीनं काळा झगा चढवला, मयताला करतात तो शहाजिऱ्याचा केक दुपारपर्यंत भाजला, आणि डोळे पुसत रस्ता ओलांडला.

दार उघडून ती आत आली तर स्वयंपाकघर रिकामं. होझिया एकटाच खिडकीपाशी उभा, भुशानं डोळे लाल. बाकाच्या उंच पाठीपलीकडे चुलीसमोर बसल्या बसल्या केझायाचा डोळा लागला होता, ते तिला दिसणार कसं?

“होझिया, लेका,” थर्झामावशीनं हंबरडाच फोडला, “समोर राहते रे मी! मला हाक तरी मारायचीस! शेवटचं बघितलंही नाही मी तिला. तोंडाची फटकळ होती बिचारी, सगळ्या गावाला टोचून बोलायची, पण मनात कधी ठेवायची नाही हो...”

“फटकळ कोण गं?” बाक म्हणाला.

केक खाली पडला नाही ही देवाची कृपा. थर्झामावशी मात्र पिठाच्या पेटीवर बसलीच. होझियानं तिला पाणी दिलं. बाकापलीकडून केझाया विचारत होती, “शहाजिरं नीट घातलंयस ना? प्रडेन्सच्या वेळी हात आखडला होतास. आणि ये ना इकडे, माझं तोंड बघायला आलीस ना, बघ तरी!”

मग काय, दोघी म्हाताऱ्या एकमेकींचे हात धरून रडेपर्यंत हसल्या. केझायाच्या हसण्याचा आवाज कित्येक महिन्यांनी त्या घरात ऐकू आला. होझियाला वाटलं, जमलं आपलं. त्यानं पुढची कड ओढून बिछाना करून दाखवला, परत आत ढकलून बाक करून दाखवला. थर्झामावशीनं तोंडावर हात ठेवला. “बाई गं, दिवसा कुणाला कळणारही नाही!”

पण थर्झामावशी घरी गेली, आणि केझायाचं हसू मावळलं.

“आवडला नाही?” होझियानं विचारलं.

“सुंदर आहे,” ती म्हणाली. “कुणाच्या घरी नाही असा. पण होझिया, बाई दारातून आत आली, माझ्यासाठी रडली, आणि मला ती दिसली नाही. वर छत बघत होते, इथं जाळ बघत बसेन. पुढे चूल, मागे तुझी भिंत, आणि भिंतीत डुक्कर टांगलेलं. कपाटात ठेवल्यासारखं वाटतं रे मला.”

होझियानं दाराकडे वळून बघितलं. बाक दाराकडे पाठ करूनच ठेवतात, हे त्याच्या हाताला इतकं ठाऊक होतं की त्यानं एकदाही विचारच केला नव्हता. एवढी वर्षं ती दाराकडे बघत जगली, आणि त्यानं तिच्यासाठी आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम करून तिचं दार झाकलं.

नुसता फिरवून चाललं नसतं. तोंड दाराकडे केलं तर एवढी उंच पाठ चुलीच्या आड येणार, आणि ऊब लागली नाही तर तिचे सांधे धरणार. तो कारखान्यात गेला. परत आला तो करवत घेऊन.

“हे काय करतोस?” केझाया ओरडली. “अरे कोरीव फळ्या आहेत त्या! होझिया!”

त्यानं तिला उचलून खुर्चीवर बसवलं, पाठीच्या कपाटातलं मांस काढून धुराड्यातल्या आकड्याला अडकवलं, आणि कमरेच्या उंचीवर करवत लावली. बापाचा ओक घट्ट होता. कोरलेल्या फळ्या एकेक करून जमिनीवर पडत होत्या. करवतीचा हात थांबला नाही. कापून झाल्यावर त्यानं कड रंध्यानं गुळगुळीत केली, बाक गोल फिरवला, चुलीकडे पाठ आणि दाराकडे तोंड, आणि केझायाला त्यावर बसवलं. ऊब बुटक्या पाठीवरून सरळ तिच्या खांद्यांवर येत होती. त्यानं दाराची वरची फळी उघडली. बाहेर रस्ता होता, थर्झामावशीची कोंबडी होती, आणि संध्याकाळ होत आली होती.

केझायानं रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत बघून घेतला. मग म्हणाली, “छान केलंस. पण उद्या शुक्रवार आहे.”

“हो.”

“स्क्वान्स येणार. मी लव्हिनियाला येते म्हटलंय. तू बरं म्हणालास म्हणून म्हटलंय.” तिनं वाकड्या बोटांनी बाकाची कापलेली कड चाचपली. “तुला मला इथं ठेवून घ्यायचंय, की जाताना आठवण म्हणून बाक दाखवायचा होता, हे काही तुझी करवत मला सांगत नाही. तोंड दिलंय ना देवानं?”

होझियाच्या मनात सगळं होतं. तू गेलीस तर या दारातून कुणी येणार नाही. स्क्वान्स येणार नाही, यो येणार नाही, आणि खरं सांगायचं तर मीसुद्धा कशाला येईन या घरात? कारखान्यातच एखाद्या फळीवर पडून राहीन. हे सगळं ओठांपर्यंत आलं, आणि तो म्हणाला, “चहा करू?”

“कर,” केझाया म्हणाली, आणि तिनं तोंड फिरवलं. ती इतकी रागावली होती की केकसुद्धा तिनं खाल्ला नाही.

शुक्रवारी उजाडलं तेव्हा तिनं गाठोडं बांधून घेतलं होतं. होझियानंच तिच्या सांगण्यावरून बांधलं, बोटं तिची चालत नाहीत म्हणून. तिची शाल, बायबल, लोकरीचे मोजे. टोपीची नाडीही तिनं त्याच्याकडूनच हनुवटीखाली बांधून घेतली. दोघं रस्त्याकडे बघत बसली.

स्क्वान्सची गाडी दारात थांबली. त्यानं सवयीनं वरच्या फळीतून डोकं आत घातलं आणि तिथंच थबकला, कारण समोरच, त्याच्या तोंडासमोर, केझाया बसली होती. असा दाराकडे तोंड केलेला बाक त्यानं बापजन्मात पाहिला नव्हता.

“अगं केझाया! तू खाली?”

“दिसत नाही का? टोपी काढ आधी,” ती म्हणाली. “आणि चिखल पूस पायांचा.”

स्क्वान्सचं सगळं तोंड हसलं. “तुझ्याशिवाय गावात शिव्या खायलाच मिळत नव्हत्या बघ कुठे. बरं, पेंढा जाड घातलाय, वर दोन घोंगड्या. तयार ना?” सगळं गाव करायचं तसं त्यानंही हे केझायालाच विचारलं.

केझाया होझियाकडे न बघता मांडीवरच्या गाठोड्याकडे बघत राहिली. बाहेर घोडं पाय आपटत होतं.

“नाही,” होझिया म्हणाला.

त्याचा आवाज असा फाटका निघाला की स्क्वान्सनं आधी इकडेतिकडे बघितलं, बोललं कोण म्हणून.

“नाही येत ती,” होझिया म्हणाला. तो उठून उभा राहिला होता, आणि हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं. “लव्हिनियाला सांग, तिच्या बापानं ‘नाही’ म्हटलंय. सांग की त्याला ती इथं हवी आहे. तिच्यावाचून राहता येत नाही त्याला. म्हणजे... मला नाही राहता येत.”

स्क्वान्स बिचारा टोपी चुरगळत उभा. मग खालची फळी उघडून तो आत आला आणि पिठाच्या पेटीवर बसला.

केझायानं गाठोडं बाजूला ठेवलं. टोपीची नाडी तिच्या बोटांना सुटेना, तशी ती हनुवटी वर करून होझियासमोर बसली. तो वाकला आणि गाठ सोडू लागला. तिचे डोळे भरून वाहत होते, आणि तिला ते लपवायचे नव्हते.

“पुन्हा म्हण,” ती म्हणाली.

स्क्वान्स ऐकत होता, दार उघडं होतं, समोर थर्झामावशी उंबऱ्यात येऊन उभी होती. होझियानं पुन्हा म्हटलं.